लग्नाआधी केलेली छापखाना, घर, राग आणि अवतरणचिन्हे यांची व्यवस्था

मी, कुमारी अनुसूया केशवराव मोघे, वय एकाहत्तर, धंदा छापखाना, राहणार झाशी शहर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्या नावामागचा ‘कुमारी’ हा शब्द येत्या रविवारपर्यंतच खरा आहे. रविवारी माझे लग्न आहे. माणसे लग्नाआधी मेंदी लावतात. मी मृत्युपत्र लिहिते आहे, आणि मेंदीचा हात वाळला की पुढची कलमे लिहीन म्हणून मध्येच अक्षर बदलले तर कोणी संशय घेऊ नये.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझा धाकटा भाऊ देवेंद्र यास ‘काहीही नाही’ एवढेच दिले होते. ते आता पुरेसे वाटत नाही.

माझ्या वकील निवेदिता पाठक म्हणतात की मृत्युपत्रात गोष्टी सांगू नयेत, फक्त वाटणी सांगावी. पण वाटणी अशी का, हे उद्या कोणी विचारले तर उत्तर द्यायला मी नसेन. तेव्हा लिहिते.

कलम १. मी कोण.

आमचे पूर्वज पेशव्यांच्या काळी कारकुनी करायला इकडे आले. लिहिणेपुसणे सोडून घरात कोणाला दुसरे काही आले नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांनी इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत ‘मोघे मुद्रणालय’ काढले. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा त्यांनी मला छपाईच्या खिळ्यांच्या केसपुढे, म्हणजे खणाखणांच्या पेटीपुढे, स्टुलावर उभे केले आणि पहिला धडा दिला तो अवतरणचिन्हाचा. तेव्हा आमच्याकडे उघडणारे चिन्ह वेगळे नव्हते. स्वल्पविरामाचे शिशाचे खिळे उलटे करून ओळीच्या माथ्याशी बसवायचे.

अण्णा म्हणाले, “अनू, हे चिन्ह वाकून सांगतं, या, बोला. आणि ते दुसरं सांगतं, झालं, बसा आता. दोघांची तोंडं समोरासमोर पाहिजेत. पाठीला पाठ लावून बसवलीस तर भांडण.”

मला हे इतके आवडले की मी दिवसभर खिळे उलटेसुलटे करत हसत बसले. अजून हसते.

याच आवडीमुळे माझे जमत आलेले लग्न मोडले. ग्वाल्हेरचे स्थळ होते. त्यांनी मुलाची माहिती छापून आणली होती, आणि तीत लिहिले होते की मुलगा “सुस्वभावी” आहे, तोही असा अवतरणात. मी चहा देता देता विचारले, “हे कोण म्हणतं?” मुलाची आई म्हणाली, “म्हणजे?” मी म्हटले, “अवतरणात घातलंय, म्हणजे दुसऱ्या कोणाचे शब्द असणार. नाहीतर तुम्हालाच शंका असेल.” मंडळींनी चहा अर्धा टाकला. अण्णा दाराआड जाऊन पोट धरून हसले. त्यानंतर इकडे मराठी घरे मोजकी आणि बातमी सगळ्यांना, त्यामुळे स्थळे आली नाहीत. मला वाईट वाटले असे कोणी समजू नये. माझ्याकडे छापखाना होता.

कलम २. देवेंद्र आणि माझा राग.

देवेंद्रने छापखान्याच्या पुढच्या भागात फ्लेक्सचे दुकान काढले. पाटीवर इंग्रजीत ‘मोघेज’ लिहिले, आणि जो अपॉस्ट्रॉफी अक्षराच्या खांद्याशी हवा तो खाली पायाशी स्वल्पविराम करून बसवला. तेही मी सोसले.

मग अण्णा गेले. तेरवीच्या दिवशी देवेंद्रने चौराह्यावर भला मोठा फ्लेक्स लावला. मजकूर हिंदीत होता. हमारे "पूज्य" पिताजी "स्वर्ग" सिधार गए। पूज्य अवतरणात आणि स्वर्गही अवतरणात. चिन्हेसुद्धा कंप्युटरची, दोन उभ्या काड्या, ज्यांना येणे माहीत नाही आणि जाणेही.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला हात जोडून विचारले, “जिज्जी, बाबूजी स्वर्ग में ही हैं न? भैया को कछू शक है का?”

मी शिडी मागवली, पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि वर चढले. खाली गर्दी जमली. शिपाई आला. “माताजी, नीचे उतरिए.”

मी म्हटले, “पहले ये चिह्न उतरेंगे, फिर मैं.”

देवेंद्र धावत आला. “जिज्जी, डिज़ाइन है वो! ख़ाली-ख़ाली लग रहा था.”

“आपले अण्णा स्वर्गात गेले याची तुला शंका आहे?”

“मैंने कब बोला?”

“अख्ख्या झाशीला वाचून दाखवलंस.”

चिन्हे पुसून मी उतरले, पण त्याच्याशी बोलणे सोडले. आमच्या दुकानांत एक भिंत सामाईक आहे. निरोप त्याची मुलगी चारुता पोहोचवायची. शाळेत जाणारी होती ती, आता नोकरी करते, एवढा काळ.

कलम ३. श्री. भीमराव शितोळे.

हे झाशीजवळच्या मोठ गावचे राहणारे, तिथल्या इंटर कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक, विधुर. त्यांचे पूर्वज इकडे घोड्यावरून आले; आमचे दप्तरे घेऊन बैलगाडीतून. गेल्या वर्षी ते मोठच्या मंडीतल्या गप्पांचे मराठी पुस्तक छापायला माझ्याकडे आले. मंडीतली माणसे त्यात बोलतच असतात. दलाल बोलतात, म्हशीवाले बोलतात, आणि अधूनमधून त्यांची दिवंगत पत्नी चंपाताई बोलतात.

मजकूर जुळवताना मी अडले. त्यांना म्हटले, “गुरुजी, तुम्ही अवतरण उघडता आणि मिटत नाही. दार उघडं टाकून निघून जाता.”

“सगळीकडे नाही,” ते म्हणाले. “फक्त चंपाचं.”

मी पाने उलटली. खरे होते. म्हशीवाल्याचेसुद्धा मिटलेले होते.

“का?”

“मिटवलं की तिचं बोलणं संपलं. पेन उचलत नाही माझं.”

मी आयुष्यभर कोणाला यात सूट दिलेली नाही. वराच्या बापाला नाही, आमदाराच्या माणसालाही नाही. पण या वेळी मी वाट शोधू लागले. मग नियमातच जागा आठवली. मी म्हटले, “बोलणं एका परिच्छेदात संपलं नाही आणि पुढच्यात चालू राहिलं, तर पहिल्याच्या शेवटी चिन्ह मिटवत नाहीत. पुढच्याच्या आरंभी नुसतं पुन्हा उघडतात. चंपाताईंचं सगळं बोलणं पुस्तकाच्या शेवटी घ्या, एकाला लागून एक परिच्छेद.”

त्यांचा चेहरा उजळला. मग पडला. “आणि शेवटचा परिच्छेद?”

“तो लिहूच नका. दुसरा भाग काढा.”

ते इतक्या जोरात हसले की भिंतीपलीकडून देवेंद्रने ठोठावले. “म्हणजे मला पुन्हा यावं लागेल,” ते म्हणाले.

“मोठहून बस भरपूर आहेत,” मी म्हटले, आणि या वयात कान गरम झाले.

दुसऱ्या भागाचे काम चालू असताना आम्ही बरुआसागरला तळे पाहायला गेलो. बसथांब्याजवळच्या टपरीवर लिहिले होते, “गरम” चाय. भीमरावांनी अगदी शाळामास्तरी चेहऱ्याने विचारले, “भैया, चाय गरम है, या लोग ऐसा कहते हैं?”

“पी के देख लो, मास्साब.”

मी हसता हसता बाकावरून घसरले. त्यांनी हात देऊन उठवले आणि हात सोडला नाही. म्हणाले, “अनुसूयाबाई, माझ्याशी लग्न कराल?”

“थट्टा करताय.”

“नाही. अवतरणाशिवाय विचारतोय.”

मी म्हटले, “चंपाताईंना काय वाटेल?”

ते म्हणाले, “ती म्हणाली असती, बाईला किती वेळ उभं ठेवताय, उत्तर घ्या आणि चहाचे पैसे द्या.”

मी हो म्हटले. टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत.

कलम ४. घर.

शहरातल्या घराचा वरचा मजला अण्णांनी माझ्या नावे केला आहे. लग्नाचे कळल्यावर देवेंद्रचा मुलगा मुकुल वर आला. पायाशी बसून चप्पल उलटीसुलटी करत राहिला.

“आत्या, वो बुरे आदमी नहीं हैं. पर घर...”

“मराठीत बोल. भीती मराठीत कमी वाटते.”

“ते... ते घर घेतील का?”

हे भीमरावांनी ऐकले. ते आत आले आणि म्हणाले, “मुकुलभैया, मला मोठला घर आहे. तुमच्या आत्यानं एक वीट माझ्या नावावर केली तर मी बोहल्यावरून उठून बस पकडीन.”

ते खरेच पकडतील, मला माहीत आहे. पण मी आधी गेले तर या माणसाला सामान बांधायला लागू नये, हे मला सगळ्यांत जास्त हवे आहे. म्हणून लिहिते की, माझ्यामागे श्री. भीमराव शितोळे यांना वरच्या मजल्यावर हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्यांना कोणी ‘किती दिवस राहणार’ असे विचारू नये, प्रेमानेसुद्धा. त्यांच्यानंतर हा मजला मुकुल आणि चारुता यांचा, निम्मा निम्मा. हे कच्च्या मसुद्यात वाचून मुकुल रडला आणि मग त्याने लग्नाच्या जेवणाची जबाबदारी घेतली.

कलम ५. छापखाना.

छापखाना, यंत्रे आणि नाव चारुताचे. ती मराठी बोलताना अडखळते, पण वाचताना अडत नाही. माझ्या अटी अशा. उभ्या काड्या छापायच्या नाहीत. जोर देण्यासाठी शब्द अवतरणात घालायचा नाही. ठळक कर, मोठा कर, लाल कर, पण शंका घेऊ नकोस. सालातले पहिले दोन आकडे गाळले, जसे ‘बॅच ’७५’, तर तिथले चिन्ह इंग्रजी नऊसारखे हवे. कंप्युटर ते सहासारखे घालतो, कारण त्याला वाटते कोणी बोलायला लागले. तिथे कोणी बोलत नाही. काहीतरी गळले आहे, त्याची ती खूण आहे.

शिशाचे खिळे, चिमटा आणि खिळे ओळीत जुळवायची स्टिकही तिचीच. भंगारवाल्याने दाराशी हाक मारली तर तिने घरात कोणी नाही असे सांगावे.

कलम ६. बँकेतील शिल्लक.

माझ्या बचतीतून आधी भीमरावांच्या पुस्तकाचे उरलेले भाग छापावेत, कितीही होवोत. मग जे राहील त्यातून पांढरा रंग, कुंचले आणि एक चांगली शिडी घ्यावी. ज्या दुकानदाराच्या पाटीवर “शुद्ध” घी, “ताजा” पनीर किंवा “अनुभवी” डॉक्टर असेल, त्याला आधी नमस्कार करून, परवानगी घेऊन, चिन्हे पुसून द्यावीत. एका कोचिंगवाल्याने “योग्य” शिक्षक असे लिहिले आहे. तिथे आधी चौकशी करावी, कदाचित ते बरोबर असेल.

कलम ७. देवेंद्रविषयी नवी व्यवस्था.

परवा सकाळी पानवाला पळत आला. “जिज्जी, चौराहे पे चलो!” मी गेले. देवेंद्रने फ्लेक्स लावला होता, अण्णांच्या वेळेपेक्षाही मोठा. हमारी जिज्जी का “शुभ विवाह”। खाली देवेंद्र स्वतः उभा होता, शिडी घेऊन, तयारीत.

“शेप बरोबर आहे ना, जिज्जी?” तो म्हणाला. माझ्याशी तो मराठीत बोलला. “चारूनं शिकवलं. हे उघडणारं, हे मिटणारं. तोंडं समोरासमोर.”

चिन्हे अप्रतिम होती. वळणदार, जागच्या जागी. फक्त माझे लग्न त्यांच्यामध्ये उभे होते, आणि अख्ख्या झाशीला ते खरे की खोटे असा प्रश्न पडणार होता. मी तोंडावर पदर धरला. देवेंद्रला वाटले मी रडते आहे. तो घाबरून म्हणाला, “पुसू का? मी चढतो, तू नको.”

भीमराव मागून म्हणाले, “राहू द्या. शंका असली की माणसं खात्री करायला येतात. मांडव भरेल.”

मग मी रस्त्यात खालीच बसले, इतके हसू आले. देवेंद्रही बसला. रिक्षा थांबल्या. त्याने विचारले, “अण्णांचं माफ केलंस?” मी म्हटले, “अण्णा असते तर शिडीखाली उभे राहून हसले असते. मलाच वेळ लागला.”

सबब, देवेंद्र याजवर असलेला माझा संपूर्ण राग, त्यावरील व्याजासह, मी आजपासून नष्ट करते. तो कोणाच्याही वारसाने जाऊ नये. देवेंद्रला मी अण्णांचे स्टूल देते. त्याला बसायला लागेल, त्याचे गुडघे दुखतात.

कलम ८. माझ्यामागे काय छापावे.

माझ्या निधनाची बातमी चारुताने जुळवावी. मी ‘गेले’ असे साध्या शब्दांत लिहावे. विशेषण घालायचेच झाले तर भीमरावांना विचारून एकच घालावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. निवेदिता पाठक यांनी करावी. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला नसावे असा त्यांचा आग्रह असल्याने भीमराव, देवेंद्र, मुकुल आणि चारुता यांना खोलीबाहेर काढले आहे. ते बाहेर फार गोंधळ करत आहेत. हे सर्व मी वाचून पाहिले, चिन्हे दोनदा तपासली, आणि समाधानाने सही करते.

सही: अनुसूया केशवराव मोघे
(लग्नानंतरही हीच सही राहील.)

साक्षीदार:
पार्थ सबनीस, शेजारी, झाशी
प्रिया तिवारी, पुस्तक-बांधणीचा व्यवसाय, झाशी

स्थळ: झाशी
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५

डॉक्टरांचा दाखला: मी, डॉ. स्वरदा काळे, कु. अनुसूया मोघे यांना सहीपूर्वी तपासले. दिवस, वार आणि आपली माणसे त्या अचूक सांगतात. माझ्या लेटरहेडवरील एक चूकही त्यांनी दाखवली. रक्तदाब ठीक. नाडी जलद आहे; कारण विचारले असता त्यांनी खिडकीकडे बोट केले. समोरच्या दुकानात एक वयस्क गृहस्थ आरशापुढे गुलाबी फेटा बांधून पाहत होते आणि तो त्यांच्या डोळ्यांवर घसरत होता. औषधाची आवश्यकता नाही.