रहिवास बदलल्याचे कारण

ता. ४

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही बरी असावीस. हे वाक्य दर खेपेला हात आपोआप लिहितो. या खेपेला मात्र विचार करून लिहिलं.

काल फोनवर तू बोलत होतीस तेव्हा मागे कागदाचा आवाज येत होता. घडी घालायचीस, उलगडायचीस, पुन्हा घालायचीस. आवाजही बारीक ठेवला होतास, खोलीतल्या मैत्रिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. ते सरकारी पत्र तू मला तीनदा वाचून दाखवलंस. तीन वर्षांपूर्वी तू नोकरीला आहेस तो देश सोडून दुसऱ्याच देशात राहायला गेल्याची नोंद सापडली आहे, तरी एकोणीस तारखेला कचेरीत समक्ष हजर राहावे. वर तू म्हणालीस, "अरे, मी घरातून हॉस्पिटलच्या लाँड्रीत आणि लाँड्रीतून घरात. परदेशात जायला मला रजा तरी कुणी दिली?" मी हसलो. तुला बरं वाटावं म्हणून हसलो, असं समज.

सलग दहा वर्षं राहिल्याशिवाय कायमचा परवाना नाही आणि तुझी दहा वर्षं भरायला चारच महिने उरलेत, हे मी विसरलेलो नाही. ती नोंद खरी धरली तर तुला परत पाठवतील, हेही कळलं. ते सांगताना तू मध्येच थांबलीस आणि नळ सोडलास. मला नळाचा आवाज ऐकू आला, आणि नळ कशासाठी सोडला तेही कळलं.

"तू एवढ्या लोकांत वावरतोस, शोधून काढ की कोण मेला माझ्या नावावर तिकडे राहतोय," असं म्हणालीस. बघतो.

तोवर एक-दोन गोष्टी कळव. ती नोंद कुठून आली ते पत्रात लिहिलंय का? कुठल्या कंपनीचं नाव? खाली कसली सही जोडली आहे का? असली तर फोटो पाठवू नकोस, नुसतं आहे-नाही सांग. आणि पासपोर्टची प्रत कुणाकुणाला दिलीस याची यादी करत बसू नकोस. उगाच चांगल्या माणसांवर संशय जातो.

दुकानाचं विचारलंस. चाललंय. आता व्हिडिओ गेम विकून फारसं काही सुटत नाही, जे सुटतं ते वरच्या पॅकमध्ये. गेम एकदा घ्यायचा, मग त्यातले नवे खेळाडू, नवे नकाशे, नवी हत्यारं वेगळी विकत घ्यायची. एक बस ड्रायव्हर येतो नेहमी, सुट्टीच्या दिवशी लेकीबरोबर खेळतो. परवा पॅकचा भाव ऐकून म्हणाला, "म्हणजे शेठ, घर विकत घेतलं आणि आता जिना चढायचे वेगळे, खिडकी उघडायचे वेगळे." मी म्हटलं, दाराची कडी फुकट आहे. तो हसला, पण पॅक न घेता गेला. सगळीकडेच महाग झालंय. पूर्वी तुमच्याकडे हेच पॅक इथल्या पावपट भावात मिळायचं. कंपनी ज्या देशाचा जसा खिसा तसा भाव लावते. आता तुमच्याकडेही इथल्याएवढाच झालाय म्हणे.

बाकी काही विशेष नाही. सकाळी दोन माणसं दुकानासमोर उभी राहिली. जड बूट होते, आवाजावरून कळलं. मी मागच्या खोलीत गेलो आणि हिला काउंटरवर बसवलं. पाण्याचं मीटर बघणारे निघाले. ही म्हणाली, "मीटरवाल्यांना कधीपासून घाबरायला लागलात?" मी म्हटलं, पाय आखडला होता.

फोनऐवजी कुरिअरने लिहितोय. फोनवर तू घाई करतेस.

तुझा,
धाकटा


ता. ११

ती. ताई,

तू यादी केलीसच. काल तिचा फोटो आला. घरमालक, हॉस्पिटल, बँक, विमावाला आणि तुझ्या खोलीतली मैत्रीण. तिच्या नावाखाली दोन रेघा मारल्यास. नोंदीत आहे त्याच देशात ती वर्षभर कामाला होती, तुझी कागदपत्रं ठेवलेली पेटी तिला माहीत आहे, म्हणून तीच. तू तिच्याशी बोलणं बंद केलंस, चूल वेगळी केलीस, आणि एकोणीसला कचेरीत तिचं नाव देणार आहेस. "माझ्या भावाने मला सावध केलं म्हणून बरं," असं खाली लिहिलंस.

ताई, ती नाही. तिचं नाव देऊ नकोस.

पासपोर्टची प्रत सहा जणांच्या हाती लागण्यासारखी होती. सहावा तुझ्या यादीत नाही. चार वर्षांपूर्वी आईच्या वर्षश्राद्धाला तू येणार होतीस तेव्हा तुझं तिकीट काढायला ती प्रत मी मागवली होती. तुला रजा मिळाली नाही, तिकीट रद्द झालं, प्रत माझ्याकडे राहिली.

आता सरळ लिहितो. तीन दिवस कागद घेऊन बसतोय आणि दुकानाच्या गप्पा लिहून फाडतोय.

आठ वर्षांपूर्वी तुझ्या नावावर मी गेमचं एक खातं उघडलं, ते तुला विचारून. "उघड की, मला कुठे खेळायचंय," म्हणाली होतीस. तेव्हा ते माझ्या मुलीपुरतं होतं. मग गिऱ्हाइकं विचारायला लागली आणि मी तुमच्या देशाच्या भावात पॅक घेऊन इथे विकायला लागलो. दुकान त्यावर उभं राहिलं. लोक म्हणायचे याचा हात स्वस्ताईचा. तो हात तुझ्या नावाचा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही.

मग तुमच्याकडचे भाव चढले. दोन वर्षांत तीनदा. धंद्यातला एक ओळखीचा म्हणाला, अमुक देशात अजून स्वस्त आहे, खातं तिकडे हलव. हलवायचं तर कंपनीचा फॉर्म होता. त्यात विचारलं होतं: रहिवास बदलल्याचे कारण. चार चौकटी होत्या. शिक्षण, नोकरी, विवाह, इतर. मी 'नोकरी'वर खूण केली. तेव्हा गंमतच वाटली होती, म्हटलं आपल्या ताईला बढती मिळाली. पुरावा मागितला, तर तुझी पासपोर्टची प्रत जोडली आणि घरभाड्याचा एक करार बनवला. खाली तुझी सही मी केली. तुझी सही मला लहानपणापासून येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या ऐवजी तूच सही करायचीस ना, ती बघून बघून बसलेली.

मला वाटलं, ही गेमची दुनिया आहे, इथलं इथेच राहतं. कोण कुठे राहतो याची नोंद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते, हे माझ्यासारख्या चलाख माणसाच्या डोक्यात आलंच नाही. स्वस्त देशात खोटे रहिवासी फार झाले म्हणून कंपनीने सगळ्या खात्यांची तपासणी केली आणि याद्या त्या त्या देशाच्या करखात्याला दिल्या. करखात्याकडून त्या तुमच्या परवाना कचेरीत गेल्या. आणि त्या तिसऱ्या देशातही भाव गेल्या वर्षीच इथल्याएवढे झाले. म्हणजे मी तुला जिथे पाठवलं तिथे आता काहीच स्वस्त नाही.

वकिलाकडे जाऊन आलो. सगळं ऐकून त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्यापर्यंत कुणी येणार नाही. सगळं त्यांच्यावरच राहील." मला धीर यावा म्हणून सांगत होता बिचारा.

खोटं कशाला, पहिले दोन दिवस मला त्याचं म्हणणं पटलं होतं. मागच्या पत्रात मी तुला सही आहे का विचारलं ते तुझ्यासाठी नव्हतं. यादी करू नकोस म्हटलं तेही नव्हतं. तू ते माझी काळजी समजलीस. मग यादी आली आणि त्यात सहावं नाव नव्हतं. तुझ्याकडून राहून गेलं असेल असं धरून मी ती पुन्हा वाचली. राहून गेलं नव्हतं. मी तुझ्या मनातच आलो नव्हतो.

काल हिला सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "ताईंना परत पाठवलं तर त्या येणार कुठे? आपल्याच घरी ना? रोज त्यांच्या पुढ्यात ताट ठेवताना काय बोलणार तुम्ही?"

म्हणून आज सकाळी कबुलीजबाब लिहून दिला. वकिलाने कपाळाला हात लावला, पण शिक्के मारून दिले. खातं, फॉर्म, करार, सही, सगळं मी केलं, तुला यातलं काही माहीत नव्हतं. सोबत इथल्या इंटरनेट बिलांच्या प्रती आहेत, खातं माझ्या दुकानातून चालत होतं हे त्यावरून कळतं. एक प्रत या पाकिटात आहे. पण मी तुला ओळखतो. तू ती पेटीच्या तळाशी ठेवशील, कचेरीत काहीतरी तिसरंच सांगशील आणि मला वाचवायला बघशील. म्हणून दुसरी प्रत थेट त्या कचेरीला पाठवली. पावती माझ्या खिशात आहे. आता ते तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही.

त्याचा उपयोग होईलच असं वकील म्हणत नाही. ते म्हणतील भाऊच तो, बहिणीला वाचवायला खोटं लिहितोय. आयुष्यात एकदा पुराव्यासकट खरं लिहिलं, आणि तेच खोटं ठरलं तर पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. माझं इथे जे व्हायचं ते होईल. कालपासून शटर पूर्ण उघडं ठेवतोय. बूट वाजले तरी मागच्या खोलीत जात नाही.

तुझ्या मैत्रिणीशी आजच बोल. तिला माझं नाव सांग, काय वाटेल ते सांग.

एकोणीसला साहेब कबुलीजबाब समोर ठेवून विचारेल, हा माणूस तुमचा कोण. मी त्यात 'सख्खा भाऊ' लिहिलेलं असलं तरी तू ते वाचून उत्तर देऊ नकोस. त्या क्षणी तुला जे खरं वाटेल, तेच सांग.

मी