आधी हात येतात

अण्णा, आज मी एका अहवालावर सही करायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच. घरी येताना चाकणच्या चौकात पाऊण तास गाडी हलली नाही, पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंपन्यांच्या बस, आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलत बसले. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आधी तेच लिहिते.

आता काही गाड्या बराच वेळ आपल्या आपण चालतात. पण एखादं अवघड वळण, खोदलेला रस्ता असं काही त्यांना समजेना झालं, की बीप वाजतो आणि स्टिअरिंग माणसाच्या ताब्यात येतं. त्या घडीला माणसाचं काय होतं, एवढंच मी इतकी वर्षं बघतेय. महाळुंग्याच्या बाजूला आमची लॅब आहे. तिथे ड्रायव्हरला खोट्या गाडीत बसवायचं, समोर पडद्यावर रस्ता, आणि त्याचे हात, पाय, डोळे टिपत राहायचं. माझं म्हणावं असं एकच काम त्यातून उभं राहिलं. बीप वाजला की माणसाचे हात लगेच स्टिअरिंगवर येतात, पण रस्त्यावर काय चाललंय हे त्याला उमगायला वेळ लागतो. गाडी मात्र हात लागले की ताबा सोडून मोकळी होते. म्हणून मी सांगत आले, इशारा लवकर द्या, आधी सीट थरथरू द्या, मग आवाज, आणि त्याची नजर रस्त्यावर आली का हे बघितल्याशिवाय गाडी त्याच्या हाती सोडू नका. लोक माना डोलावतात. मग म्हणतात, ग्राहकाला थरथर आवडत नाही.

गेल्या महिन्यात चाचणीच्या ट्रॅकवर आमच्या एका ड्रायव्हरनं गाडी कठड्यावर घातली. पन्नाशीचा, लातूरकडचा माणूस, जन्मभर ट्रक चालवलेला. वळणाच्या तोंडाशी बीप वाजला, त्यानं दचकून स्टिअरिंग धरलं आणि भलतीकडे ओढलं. मनगट मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर मलाच धीर देत म्हणाला, "मॅडम, माजीच चूक लिहून टाका. नोकरी तेवढी ऱ्हाऊ द्या." अहवालात तेच आलं, चालकाचं दुर्लक्ष. आज साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, "दुर्लक्ष करायला आपणच लावलं होतं त्याला. इतका वेळ काही करायचंच नाही म्हटल्यावर कोण रस्त्याकडे बघत बसेल?"

"मॅडम, एका शब्दानं काय फरक पडतो?"

मी पेन खाली ठेवलं. दोन तास बोलणं चाललं. शेवटी तो शब्द गेला, इशारा फार उशिरा मिळाला हे आलं, नजर टिपणारा कॅमेरा पुढच्या गाडीत बसवायचं ठरलं. सीटची थरथर नाहीच. त्या माणसाला ट्रॅकवरून काढून स्टोअरमध्ये बसवणार आहेत. नोकरी राहिली म्हणून तो खूश आहे म्हणे. मग मी सही केली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, नुसतं घरी जावंसं वाटलं.

एका शब्दानं काय फरक पडतो हे मला साहेबांना सांगता आलं असतं, पण तुमचा विषय मी तिथे काढला नाही. तुम्ही चालवत होता ती कंपनीची बस तळवड्याजवळ दुभाजकावर चढली तेव्हा तुम्ही लागोपाठ दुसरी शिफ्ट करत होता. कुणाला लागलं नव्हतं, तरी चौकशी झाली. मी अकरावीत. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येता, आई भाकरी थापतेय, मी ओट्याशी पुस्तक घेऊन बसलेय. तुम्ही खिशातून घडी घातलेला कागद काढता. "वाच बरं, काय लिवलंय. उद्या सही करून द्यायचीय." कागद इंग्रजीत. तो हातात घेत मी विचारते, "अण्णा, तुमचं लक्ष कुठं होतं?" आई रागानं माझ्याकडे बघते. तुम्ही चिडत नाही. "हात जाग्यावर व्हते गं," म्हणता, "मीच मागनं आलो." मी कागदावरून नजर फिरवते आणि सांगते, "बरोबर आहे सगळं. करा सही."

तुम्ही सही केलीत. महिन्याभरात बसवरची नोकरी सुटली, आणि पुढे अखेरपर्यंत तुम्ही एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलात. तुमचं ते बोलणं माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, हे मी आता लोकांना सांगतेही. कागदाचं मात्र आईलासुद्धा कधी बोलले नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. अण्णा, मला त्यातलं निम्मं इंग्रजी कळलं नव्हतं, दुर्लक्षासाठी वापरलेला तो शब्दसुद्धा. तुम्ही एवढ्या विश्वासानं माझ्या तोंडाकडे बघत होता की कळत नाही म्हणायची मला लाज वाटली.