सुईणीकडची धाकटी

४ जून, संध्याकाळी ६.१०
पोचले. उंची २,३४० मीटर. घरं ६३. माझी खोली निवृत्त सुईणबाईंच्या माडीवर, जेवण त्यांच्याकडेच. प्रबंधाचा विषय: पर्वतीय समाजातलं परस्परावलंबन. घरोघरी एकच प्रश्नावली, त्यावरून कोण कोणाच्या आधारावर उभं आहे याचा नकाशा. ३० ऑगस्टला सादरीकरण. पसंत पडलं तर फेलोशिप दोन वर्षं वाढेल. नाही तर परत जाऊन काकांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासत बसायचं.
नियम एकच: शून्य हस्तक्षेप. आधीचे संशोधक गावात मिसळले आणि फसले. मी इंजिनिअर आहे. मिसळत नाही.

११ जून
इथे माणसाला नावाने ओळखत नाहीत. जो ज्या घरी जेवतो, तो त्या घरचा: लोहाराकडचा मोठा, पोस्टमनकडची आत्या. सोयीचं आहे. नावांचा कॉलमच उडवला. सुईणबाई म्हणाल्या, मला मावशी म्हणत जा. प्रश्नावलीत त्या 'घर क्र. १७' आहेत.

१३ जून
लोहाराचा पंप खडखडत होता, मुलाखतीचं रेकॉर्डिंग बिघडत होतं. बेअरिंग बदलून दिलं. हा हस्तक्षेप नव्हे, ध्वनिनियंत्रण.

२० जून
पाच म्हाताऱ्यांचे पेन्शनचे फॉर्म भरले. त्याशिवाय एकही जण प्रश्न क्र. ९ कडे वळेना. निव्वळ वेळेची बचत.

२ जुलै
आजपासून कोणाकडे चहा घ्यायचा नाही.
चार घरी घेतला. नकार देणं हाही हस्तक्षेपच, असं विचारांती ठरवलं.

१५ जुलै
दहा फोन, एक वजनकाटा, शाळेचा प्रोजेक्टर. कारणं वहीत मावेनात, वेगळी फाइल केली.

२८ जुलै, दुपारी ३.२५
शोध लागला! प्रश्न क्र. १४: अडचण आली तर आधी कोणाकडे जाता? ६३ पैकी ४१ घरांचं एकच उत्तर: सुईणीकडची धाकटी. नकाशावरच्या रेषा एका ठिपक्यात घुसतायत. ना मुखिया, ना मास्तर. एक बाई! आजवरच्या एकाही संशोधनात हिचा उल्लेख नाही.
मावशींची थोरली खालच्या आळीत दिलेली आहे, तिला मी भेटलेय. धाकटीबद्दल मावशी कधी बोलल्या नव्हत्या. विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, असते की इथेच, पण कामात डोकं घातलं की बयेला जेवायचीही शुद्ध नसते.
नोंद: कष्टाळू. कुपोषणाची शक्यता.

५ ऑगस्ट
धाकटी सापडत नाही. लोहाराकडे गेले तर त्याची बायको म्हणाली, अगं आत्ता तर होती इथे, पंपाला तेल घालत होती. थोडक्यात हुकली. तेल घालायला मीही सकाळी तिथेच होते, तरी दिसली नाही.
थोरलीला विचारलं. तिला हसून हसून ठसका लागला. तुझ्या खोलीत आरसा आहे का, म्हणाली. नाही म्हटलं. प्रश्नाचा संदर्भ कळला नाही.

२१ ऑगस्ट
धाकटीला न भेटताच सादरीकरण करायचं ठरवलं. प्रत्यक्ष भेटीने दृष्टी गढूळ होते.

३० ऑगस्ट
सादरीकरण झालं, व्हिडिओवर. गाईड सरांचे पर्वतीय समाजांवर एकोणीस ग्रंथ आहेत. लिफ्ट बंद असली की ते दुसऱ्या मजल्यावर येत नाहीत. माझ्या स्लाइड ३८. शीर्षक: 'अदृश्य केंद्र: एका गावाचा कणा'. तिसाव्या स्लाइडपर्यंत सर मान डोलवत होते. एकतिसाव्यावर धाकटीच्या कामांची यादी होती: पंप, पेन्शन, प्रोजेक्टर.
सरांनी एवढंच विचारलं: तू जेवतेस कुठे?
उत्तर द्यायला मला अकरा सेकंद लागले. रेकॉर्डिंग आहे.

२ सप्टेंबर
सरांचं पत्र. फेलोशिप वाढणार नाही. शेवटची संधी म्हणून एक महिना: डोंगरापलीकडचं गाव, जिथे मला कुत्रंही ओळखत नाही. तिथे सगळं पहिल्यापासून. ठीक. चूक पद्धतीत नव्हती, ठिकाणात होती.
मावशींना सांगितलं. जा, म्हणाल्या, पण जेवायला कितीला येशील?

९ सप्टेंबर, सकाळी ११.४०
सहा तास चालून पलीकडच्या गावात पोचले. शून्य हस्तक्षेप, या वेळी काटेकोर. पहिलं घर. दार उघडणाऱ्या आजींनी मला नखशिखान्त न्याहाळलं. सुईणीकडची धाकटी ना गं तू, म्हणाल्या, आणि शिवणयंत्र पुढ्यात सरकवलं. दोरा अडकत होता.
११.५५. स्क्रू सैल होता.
१२.१०. यंत्र चालू. प्रश्नावली काढली. आजी म्हणाल्या, ते राहू दे, आधी जेव.
१२.१२. ठाम नकार दिला. इथे जेवले की इथलीही होईन.
१२.४०. जेवले.