बिनवासाचा माल

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचं लिंबू एक नंबर! टाकीमास्तरने (मोठ्या टाकीत माल ढवळतो म्हणून कारखान्यात सगळे त्याला हेच म्हणतात) सकाळी कप वर पाठवला. आपला नियमच आहे — फरशी पुसायच्या द्रावाची टाकी तयार झाली, की डबे भरायच्या आधी कपभर माल माझ्या टेबलावर येतो. मी डोळे मिटतो, हुंगतो, अंगठा वर करतो. मगच खाली नळ सुटतो. मोठ्या कंपन्यांकडे यंत्रं आहेत. माझ्याकडे हे आहे! गेल्या दोन वर्षांत वासाच्या तक्रारीने एक डबा परत आलेला नाही. याला म्हणतात नाक!

दुसरी बातमी. आमच्या उत्पादक संघाने भाषणाला बोलावलंय. विषय — सफाई रसायनांचा बाजार कुठे चाललाय. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण बोलणार?" मी म्हटलं, बघतो सवड मिळते का. (सवडच सवड आहे!) हिला सांगितलं तर म्हणते, "अहो, हवं तेवढं बोला, पण नाकाबद्दल जरा कमी बोला."

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला (कारखान्यात माझ्याच हाताखाली असते) म्हटलं, भाषणासाठी चार मुद्दे काढून दे. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून माझीच शाळा घेतली!

"बाबा, आपण पाणी विकतो. डब्यात बहुतेक पाणीच, आणि ट्रकचं भाडं त्या पाण्याचं. आता हॉटेलं, हॉस्पिटलं घट्ट माल मागतात. भिंतीवर पंप लावायचा, दाबला की मोजून माल पडतो. पाणी त्यांचं." पटलं. लगेच कबूल केलं. मी काही हट्टी माणूस नाही. मग फेस. लोकांना वाटतं फेस जास्त म्हणजे सफाई जास्त. पण आता फरशी घासायला यंत्रं आली, आणि फेस झाला की ती बंद पडतात. हेही पटलं. पोरगी बाजार कोळून प्यायलीय! माझ्या वेळी मी दारोदार हिंडून जे शिकलो ते तिला आत्ताच येतं.

तिथे थांबली असती तर बरं. पण नाही. "आणि वास नको," म्हणाली.

"वास नको म्हणजे?"

"बिनवासाचा माल. शाळा, दवाखाने, ऑफिसं, मागणी तिकडेच वळतेय. लोकांना शिंका येतात, डोकं धरतं."

मी हसलोच. बिनवासाचं क्लीनर म्हणजे मुका वकील! दारात पाऊल टाकल्यावर कळायला नको, इथे आत्ताच पुसलंय म्हणून? तर शांतपणे म्हणते, "वास आला की पुसलंय असं वाटतं, बाबा. पुसलेलं असतंच असं नाही." उलट बोलायची सवय आईकडून आली आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चहा पुन्हा पाणचट. दुकानदार भेसळ करतोय, नक्की. हिला म्हटलं दुकान बदल. म्हणाली, "हे तिसरं दुकान आहे!" वर दूध करपलं त्याचा राग माझ्यावर. मी गॅसच्या शेजारीच पेपर वाचत बसलो होतो म्हणे. रसायनांचे भाव वाचताना माणूस गुंगणारच!

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन. हे हॉस्पिटल म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तिसरा हिस्सा माल एकटं उचलतं. तिथे छातीच्या रोग्यांचा नवा वॉर्ड निघालाय. फरशी पुसली की रोगी खोकून बेजार. "साहेब, तुमचं लिंबू आता नको हो. बिनवासाचं द्या. नाहीतर एक मोठी कंपनी पंप फुकट लावून द्यायला टपलीय." हे गिऱ्हाईक गेलं तर एक पाळी बंद. माझी माणसं घरी बसणार.

लेकीचा बिनवासाचा माल तयारच! सहा महिने खपतेय म्हणे. टाकीमास्तरही सामील. माझ्याच कारखान्यात माझ्या पाठीमागे! चिडलो. (आतून बरंही वाटलं. पण ते तिला कशाला सांगा.)

ठरलं, बुधवारी हॉस्पिटलात चाचणी. मी बजावलं, "फरशी माझ्या मालाइतकी स्वच्छ निघाली नाही, तर बिनवासाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आणि निघाली तर?"

"तर बघू."

स्वयंपाकघरातून ही ओरडली, "तर बघू म्हणजे हो!"

१२ फेब्रुवारी, बुधवार

जिंकली! पोरगी जिंकली!

लांबलचक कॉरिडॉर. एका बाजूला माझं लिंबू, दुसऱ्या बाजूला तिचं. पुसून वाळल्यावर मेट्रनबाईंनी फरशीवरून कापसाचे बोळे फिरवले, तपासायच्या यंत्रात घातले. आकडे सारखे. उलट तिच्या बाजूला फरशी जरा कमी चिकट — मीच बूट काढून चालून पाहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, सगळ्या हॉस्पिटलला हेच द्या, पंपांसकट. लेकीने पंप कसा बसवायचा ते असं समजावलं की मिस्त्रीसुद्धा मान डोलवत होता. माझी छाती फुगली होती, बटणं तुटायची बाकी.

निघताना मेट्रनबाईंना गंमत सुचली. "साहेब, तुम्ही म्हणे नुसत्या वासाने माल ओळखता. या दोन बादल्यांतली तुमची कुठली?" मी काय मागे हटतो! वाकलो, दोन्ही हुंगल्या आणि लाल कडीच्या बादलीवर बोट ठेवलं. "हे माझं लिंबू!" मेट्रनबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बरोबर, बाबा."

येताना गाडीत गप्प होती. आनंदाने शब्द फुटत नसतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टाकीमास्तरला बादल्यांचा किस्सा रंगवून सांगितला. तो गोंधळला. "लाल कडी? साहेब, लिंबू निळ्या कडीच्या बादलीत होतं. मीच भरून दिलं." मग जीभ चावून म्हणाला, "नाही नाही, लालच असेल. माझं काय, मी विसरतो."

तो कधीही विसरत नाही.

गोदामात गेलो. दार लावून घेतलं. लिंबाच्या अर्काचं पिंप उघडलं, तोंड आत घातलं. काही नाही. गवती चहाचा अर्क — काही नाही. गुलाब — काही नाही. शेवटी अमोनियाची बाटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वास नाही.

लाल बादली! "हे माझं लिंबू" म्हणे! आणि ती म्हणाली, "बरोबर, बाबा." लाज वाटली. इतकी कधीच वाटली नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चहाच्या दुकानदाराचा काही दोष नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. त्यांनी बाटल्या धरल्या, मी मान हलवत राहिलो. म्हणाले, हळूहळू गेलेलं दिसतंय, त्यामुळे कळलं नसेल. मागे एखादी मोठी सर्दी किंवा ताप? होता, बऱ्याच दिवसांपूर्वी, चांगला लांबलेला. परत येईल का विचारलं, तर चष्मा पुसत बसले.

घरी आलो. हिने विचारलं कुठे होतात. म्हटलं, बाजारात. तिने चहा केला. मी म्हटलं, छान झालाय. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग पदराने डोळे टिपले. म्हणजे हिलाही माहीत होतं!

एक मात्र कळेना. इतके दिवस मी नुसती हवा हुंगत होतो, तर खराब माल बाहेर कसा गेला नाही? एक तरी डबा परत यायला हवा होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संघाच्या अध्यक्षांना फोन केला — बाजार कुठे चाललाय ते माझी मुलगी सांगेल.

मग टाकीमास्तरला खरं विचारलं. खाली बघत म्हणाला, "कप तुमच्याकडे यायच्या आधी ताई वास घेतात, साहेब. दोन वर्षं झाली. त्यांनी नापास केला तर कप वर येतच नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

दोन वर्षांत एक डबा परत आलेला नाही. याला म्हणतात नाक! शेवटी लेक कुणाची!