तिला सुरक्षित वाटतं

रविवार, १४ तारीख
दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आईचा गुडघा पुन्हा सुजलाय आणि परीक्षा जवळ आल्याने माझ्या शिकवण्या वाढल्यात. बाकी आम्ही दोघी ठीक आहोत. जिन्यातली गळती थांबली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना मुलगी झाली. एकाच जिन्यात राहून ते आम्हाला वाण्याकडून कळलं.

तुझ्या पत्रात ना नमस्कार, ना आईची चौकशी. एकच प्रश्न आहे, "कोणी सांगितलं?" येते त्याच्याकडे. आधी गल्लीचं ऐक, कारण ते तू कधी विचारत नाहीस.

तुझ्या परदेशी कंपनीला शहरभर पाळतीची यंत्रणा विकण्याआधी दाखवायला एक गल्ली हवी होती. तू आपली सुचवलीस. रहिवाशांची संमती पाहिजे म्हटल्यावर आईने ते असं मनावर घेतलं की विचारू नकोस. सुजका गुडघा धरून ती प्रत्येक जिना चढली. "माझा मुलगा आणतोय. तो आपल्याच लोकांचं वाईट कशाला करेल?" तुझ्या कंपनीच्या रंगीत पुस्तिकेवर कोणी सही केली नाही रे. आईच्या तोंडाकडे बघून केली.

मग खांब आले. वर कॅमेरा, खाली कर्णा. इस्त्रीवाल्याचं टेबल वीतभर रस्त्यात यायचं. खांब दिवसभर ओरडायचा, "अडथळा हटवा." नंतर नोटीस आली, नंतर गाडी आली आणि टेबल घेऊन गेली. तो आता मेव्हण्याकडे गोदामावर राखण करतो. जाताना आईला म्हणाला, "आजी, तुमच्या शब्दावर सही केली होती." बस, तेवढंच म्हणाला.

आई संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची, तुला माहीत आहे. खांब तिच्यावरही ओरडायला लागला. सुरुवातीला ती त्याला उत्तर द्यायची, "हटते बाबा, जरा दम धर." आम्ही हसायचो. पण तिच्याभोवती गप्पांना जमणाऱ्या बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. एकदा ती नळावर गेली तर कोणीतरी म्हणालं, "जपून बोला गं, हिच्या मुलाचे कान आहेत खांबाला." त्यानंतर ती खुर्ची आतच ठेवते.

तू साहेबलोकांना घेऊन येणार होतास तेव्हा मला फोन केलास. "ताई, ओळख दाखवू नका. नमुन्याच्या गल्लीत कंपनीच्या माणसांचे नातेवाईक चालत नाहीत. माझं तिथे कोणी नाही असं मी लिहून दिलंय." हे आईला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात टाकलंस. तिला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "नाटकच ना? करू की." सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून बसली होती.

तू आलास. दुकानं बंद करायला लावली होती, त्यामुळे गल्ली स्वच्छ आणि मेल्यासारखी दिसत होती. तुझ्या कंपनीच्या मुख्य बाईंनी दारात उभ्या असलेल्या आईला त्यांच्या भाषेत विचारलं, आता कसं वाटतं? तू आपल्या भाषेत विचारलंस, "आजी, कसं वाटतं?" आजी! तिने पापणीही हलवली नाही. तुझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "सुकलायस तू. आणि त्यांना सांग, या गल्लीत आता माझ्याशी कोणी बोलत नाही."

तू त्यांच्याकडे वळून म्हणालास, "त्या म्हणतात, आता त्यांना कोणी त्रास देत नाही. त्यांना सुरक्षित वाटतं."

ती भाषा तुला मी शिकवली, धाकट्या. याच स्वयंपाकघरात. मी दाराआड उभी होते.

आईने मला विचारलं, "नीट सांगितलं ना त्याने?" मी म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई एकट्याच आल्या. कालच्या आजी आवडल्या म्हणून आईसाठी शाल आणली होती. आईने त्यांना आत बसवलं. नाटक संपलंय असं तिला वाटलं असावं, किंवा परक्या बाईने इतक्या मायेने हात धरल्यावर तिला राहवलं नसावं. भिंतीवरचा तुझा फोटो काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा माझा मुलगा. तुमच्याकडेच आहे. सांभाळा त्याला."

बाईंनी फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या भाषेत सांगताना पुतण्या म्हणता आलं असतं. शेजारचा मुलगा म्हणता आलं असतं. आईला काय कळणार होतं? मी म्हटलं, "हा त्यांचा मुलगा." आणि आदल्या दिवशी ती खरं काय म्हणाली तेही सांगितलं. ते त्यांनी विचारलंही नव्हतं.

तर, मी सांगितलं. रागाच्या भरात तोंडून निघून गेलं असं लिहून सुटका करून घेता येईल, पण मी अगदी शांत होते. त्याचं वाईट वाटतंय का, हे रोज स्वतःला विचारते. अजून वाटलेलं नाही.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर निदान आमच्या गल्लीतले खांब तरी निघतील. कसले निघतायत! तुला काढून त्यांनी नियम पाळला आणि शहराचं काम पदरात पाडून घेतलं. पुढच्या महिन्यात बाजारपेठेत खोदाई आहे. नगरपालिकेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर त्या दिवशी टिपलेली आई दिसते, आणि तिच्याखाली तुझंच वाक्य धावत असतं. त्या बाईंना खरं काय ते माहीत असूनही.

आईला यातलं काही ठाऊक नाही. आपण फोटो दाखवला, बाई खूश झाल्या, आता तुझी बढती होणार, असं ती धरून चालली आहे. कालच म्हणाली, "माझ्यामुळे त्याचं जरा बरं झालं बघ." मी भांडी घासत होते, घासत राहिले.

तेव्हा तू ये. फोनवर नको, पत्राने नको. तुझी नोकरी गेली हे तिच्यासमोर बसून तिला सांग. कशामुळे गेली ते विचारल्यावर माझं नाव घे. ती बोलेल ते ऐकून घे. मी बाहेर जिन्यात बसेन. आत येणार नाही.

तुझी,
जिने सांगितलं ती,
ताई