जड आर्म, मऊ सुई

प्रिय धनू,

तू पाठवलेली कार्ट्रिज, ती सुईची एवढीशी डबी, अखेर आपल्या टर्नटेबलावर चढली. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तुझी आई फोन ओढून घेते आणि तू जेवलीस का ते विचारते. म्हणून सावकाश, सगळं नीट सांगतो.

हे टर्नटेबल मी हैदराबादेहून आणलं तेव्हा तू कपड्याच्या गठ्ठ्यांवर झोपायचीस, एवढी लहान होतीस. दुकानाचा माल घ्यायला गेलो होतो आणि मालासोबत हे घेऊन जिंतूरला उतरलो. आई दोन दिवस बोलली नाही. त्याचा तो लांब, वाकडा, जड आर्म तुला फार आवडायचा. हात लावू का म्हणून तू दर वेळी विचारायचीस, आणि मी तुझा हात धरून सुई तबकडीवर टेकवायचो. तेव्हा त्याला जी कार्ट्रिज होती तिची सुई ताठ होती. जड आर्मला तशीच लागते, हे मला ठाऊक नव्हतं; नशिबाने जोडी जमून गेली होती. ती झिजली आणि तू इतकं वाचून, चौकशी करून ही नवी पाठवलीस. सुई मऊ, आवाज नाजूक. पण पार्सल आलं आणि ते उघडायच्या आतच माझी उजवी बाजू गेली.

पुढचे महिने तू इथे होतीस तेवढे तुला माहीत आहेत. तू पुण्याला गेल्यानंतरचे आईने तुला गोड करून सांगितले असतील. खरं असं, की हाताच्या व्यायामासाठी एका वाटीतले तुरीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितले होते, आणि एके सकाळी मी ती वाटी भिंतीवर फेकली. त्यानंतर व्यायाम बंद. दुकानही बंद म्हणजे माझ्यापुरतं. गल्ल्यावर आई बसायची. मी खिडकीशी. ओट्यावर कोणी चौकशीला आलं की डोळे मिटून घ्यायचो.

बोरीचा योगीराज मात्र बाजाराच्या दिवशी एसटीने यायचाच. कॉलेजपासूनचा दोस्त, त्याला डोळे मिटून फसवता येत नाही. त्यानेच एकदा कपाटातून तुझं खोकं काढलं. मी सांगत गेलो, आई तारांचे रंग सांगत गेली आणि त्याने कशीबशी कार्ट्रिज बसवली. सनईची ती तबकडी लावली, आपल्या इकडच्या उन्हाने कडेला वाकलेली. वाकलेला भाग आला की आर्म हिंदकळायचा, स्पीकरचे पडदे आत-बाहेर धापा टाकायचे आणि सुई उडायची. योगीराज म्हणाला, "लिंगराज, हे परत पाठव. ह्या दोघायचं जुळायलं न्हाई."

तुझी वस्तू परत पाठवायची या विचाराने मला इतका राग आला, की बऱ्याच दिवसांनी डोकं चालू लागलं. आपल्या जुन्या टेम्पोला मऊ स्प्रिंगा घालून वर पोती लादली तर तो प्रत्येक खड्ड्यात जसा डुलेल, तसं झालं होतं. जड आर्मखाली मऊ सुई. सुई बदलायची नसेल तर आर्म हलका करायचा. आर्मच्या टोकाला कार्ट्रिज ज्यात बसते ते जाड धातूचं हेडशेल काढून पातळ, हलकं लावायचं, स्क्रूसुद्धा हलके, आणि मागचं वजन सरकवून तोल पुन्हा जमवायचा. योगीराजने परभणीच्या एका शौकीन माणसाकडून तसं हेडशेल मिळवून आणलं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याची नजर जवळचं धरत नाही. केसासारख्या चार तारा, त्यातली एक त्याच्या हातून तुटता तुटता वाचली. त्याने चिमटा माझ्यापुढे ठेवला आणि बसला चहा पीत.

धनू, पहिल्या दिवशी तो चिमटा माझ्या बोटांत राहीना. स्क्रू पडायचे, आई लोहचुंबक घेऊन शोधू लागली, तर ते ॲल्युमिनियमचे, चिकटतात कशाला! शेवटी खाली पांढरा पंचा अंथरला. एकदा मी वैतागून तिला म्हणालो, तूच लाव बाई. ती म्हणाली, "मी लावते की. पर मंग ते मी लावलेलं ऱ्हाईल." आणि पोळ्या लाटायला निघून गेली. मी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. रोज थोडं थोडं. लाल तार बसली त्या दिवशी मी कोणाला सांगितलं नाही, नुसता बघत बसलो. हिरवीने फार छळलं.

परवा चारही बसल्या. मागचं वजन फिरवत फिरवत आर्म हवेत तरंगता केला, मग सुईचा भार लावला. योगीराज आला होता. तीच तबकडी ठेवली. वाकलेला भाग आला, आर्म हळूच वर गेला, खाली आला आणि सनई चालूच राहिली. पडदे शांत. आई पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिकडे तव्यावर काहीतरी करपत होतं, ती हलली नाही. योगीराज म्हणाला, आवाज नवा वाटतोय. मला तर वाटलं, हे वाद्य मी आजच ऐकतोय.

आता मुद्द्याचं. त्याच दिवशी आईच्या तोंडून निसटलं, की तुला ओसाकाची नोकरी मिळाली होती आणि अप्पांचं असं असताना कशी जाऊ म्हणून तू नाही म्हणालीस. मला कळू द्यायचं नाही असं तुमचं दोघींचं ठरलं होतं. म्हणून हे पत्र. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आली आहेत, ओळी उतारावर घसरल्या आहेत. पण त्या माझ्या उजव्या हाताच्या आहेत. कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. मी पूर्ण बरा झालो असं म्हणत नाही. शर्टाची गुंडी अजून आई लावते, पायरीवर पाय अडतो. पण सोमवारपासून सकाळी दुकानात बसणार आहे, आणि आमचं दोघांचं इथे चाललंय. नकार ऐकूनही त्या लोकांनी तुला विचार करायला वेळ दिला आहे, असं आई म्हणते. त्यांना फोन कर. माझ्यासाठी थांबू नकोस, धनू. जा.

तुझाच,
अप्पा