पुसून ठेवलेले पंप

सोमवार, ११ मार्च

कंपनीचा तपासणीस आज न कळवता आला. भावोजी बाहेर होते, म्हणून जुन्या भागांच्या जाळीच्या खोलीत त्याला मी घेऊन गेलो. पहिल्यांदाच! एरवी तो आला की भावोजी स्वतः त्याला आत नेतात. वर्कशॉपचे मॅनेजर ते, आणि मला काउंटर सोडायची परवानगी नसते.

वॉरंटीत बदललेला प्रत्येक जुना भाग त्या खोलीत ठेवायचा. त्याला गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधायची. तपासणिसाने बघितला की हातोड्याने फोडून भंगारात टाकायचा. असा नियम. फोडायचं काम भावोजींनी स्वतःकडे ठेवलंय. मी पुसतो, चिठ्ठी बांधतो, फोटो काढतो आणि कॉम्प्युटरवर क्लेम भरतो.

तपासणिसाने एक स्टिअरिंग पंप उचलला, उलटासुलटा केला.

"निकामी झालेला पंप आहे ना हा? मग लग्नाला निघाल्यासारखा का दिसतोय?"

मी म्हटलं, मी पुसतो ना. रॉकेलने. मला काळं-चिकट रॅकवर ठेववत नाही. — त्याला कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं!

"आणि पिवळा ठिपका?"

म्हटलं, तोही पुसतो. स्टोअरची जुनी खूण ती.

त्याचं हसू गेलं. "कोण म्हणालं तुला, स्टोअरची खूण?"

मी भावोजींचं नाव घेतलं नाही. का ते माहीत नाही. त्याने खोलीला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मंगळवार, १२ मार्च

आज कळलं, ठिपका तपासणिसाचा होता. 'हा भाग मी बघितला, आता फोडा' याची खूण. भावोजी भाग फोडतच नव्हते. ठिपक्यासकट माझ्या टेबलावर परत ठेवायचे. मी इमानेइतबारे पुसायचो, नवी चिठ्ठी बांधायचो आणि तोच पंप दुसऱ्या गाडीचा म्हणून रॅकवर चढायचा. गाडी आलेली असायची नुसतं ऑइल बदलायला. कंपनी बदल्यात कोरा पंप पाठवायची आणि तो मागच्या दाराने बाहेरच्या गॅरेजांत जायचा.

आणि मी म्हणायचो, आपल्या वर्कशॉपात पंप फार खराब होतात बुवा!

गुरुवार, १४ मार्च

भावोजींनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"घाबरतोस काय? मी आहे ना."

म्हटलं, भावोजी, सगळे क्लेम माझ्या पासवर्डने भरलेत.

"म्हणून तर म्हणतोय, मी आहे ना."

सोमवार, १८ मार्च

एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. स्टिअरिंग दगडासारखं जड झालंय, वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं. वॉरंटी अजून आहे. कंपनी नवा पंप द्यायला तयार नाही, कारण कंपनीच्या लेखी त्यांचा पंप आधीच बदलून झालाय. एकदा नाही, दोनदा.

"बाळा, माझ्या गाडीला हात कुणी लावला रे? मी तर इथे बाकावर बसून होते."

कुणीच लावला नाही, बाई. हात फक्त फोटोत आहे, आणि तो माझा आहे.

मंगळवार, १९ मार्च

गुन्हा दाखल झाला. फसवणूक, खोटी कागदपत्रं, विश्वासघात आणि पुरावा नष्ट करणे. पहिला आरोपी मी. दुसरा कोणी नाहीच! भावोजी फिर्यादीच्या बाजूने बसले होते, 'वर्कशॉपतर्फे'. मालकाला वाटतं, त्यांनीच चोर पकडून दिला.

फौजदाराने फोटो टेबलावर मांडले. प्रत्येकात पंप, पंपाखाली माझा हात. अंगठ्याचं नख दारात चेचून वाकडं झालंय, ते प्रत्येक फोटोत.

"नख तुझंच ना?"

"हो."

"का पुसायचास?"

"घाण असायची म्हणून."

"घाण तर होतीच," फौजदार म्हणाला आणि हवालदार खो खो हसला.

तक्रारीत 'फसवणूक' दोन ठिकाणी चुकीचं लिहिलंय. माझी नववीत शाळा सुटली, पण तेवढं मला कळतं. मी बोट ठेवून दाखवलं. का दाखवलं? फौजदार म्हणाला, "बघा, किती बारकाईने काम करतो गडी. हा म्हणे नकळत करत होता!"

जामिनावर भावोजींची सही आहे. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी.

शुक्रवार, २२ मार्च

भावोजींनी केलेल्या वकिलाकडे गेलो. काचेचं टेबल, त्यावर एकही कागद नाही. वकीलसाहेब माझ्याशी कमी आणि भावोजींशी जास्त बोलत होते.

"कबूल करून टाक. वय लहान, पहिलाच गुन्हा, घरी विधवा आई. थोडक्यात आटपेल. भरपाईचं हे बघतील. लढायला गेलास तर तारखांवर तारखा. आणि हरलास तर आत, काही वर्षं. बाहेर आल्यावर तुला कोण नोकरी देणार?"

म्हटलं, कबूल केल्यावर कोण देणार?

वकीलसाहेब भावोजींकडे बघून म्हणाले, "मेहुणा हुशार आहे हो तुमचा."

भावोजी म्हणाले, "नको तिथे."

सोमवार, २५ मार्च

कोर्टात फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो. जिन्याखाली टेबल. येणारा-जाणारा त्यांना धडकूनच जातो. कुणाला सांगितलं नाही.

त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

या सगळ्यात हे विचारणाऱ्या त्या पहिल्या. म्हटलं, नाही.

"मग नीट ऐक. फसवणुकीला हेतू लागतो. नुसता तुझा हात आणि तुझा पासवर्ड पुरत नाही. तू सांगितलं ते काम केलंस, तुला त्यातून काही मिळालं नाही, आणि ठिपक्याबद्दल तुला खोटं सांगितलं गेलं — हा तुझा बचाव. चांगला बचाव आहे. पण हे खोटं त्यांनी तुला सांगितलं, ते कुणी ऐकलं?"

आठवलं. नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, त्यांच्या घरी, जेवताना. भावोजी म्हणाले होते, "त्या पिवळ्या ठिपक्यांचं काही नाही, स्टोअरची खूण आहे, पुसत जा. आपल्याला सगळं चकाचक लागतं." ताई वाढत होती. मान वर करून म्हणाली होती, "चकाचकच करायचंय तर घरी पाठवा त्याला, माझं सिंक घासेल." सगळे हसलो होतो.

वकीलबाई म्हणाल्या, "बहीण बोलली तर तू सुटशील. नाही बोलली तर तुझा शब्द आणि त्यांचा शब्द. आणि त्यांच्या अंगावर कोट आहे."

बुधवार, २७ मार्च

ताईकडे गेलो. भावोजी कामावर असताना मुद्दाम. पोरगी फरशीवर खडूने घर काढत होती. मला म्हणाली, मामा, तू आमच्या घरात पाय देऊ नकोस, रंग ओला आहे.

ताई कपड्यांना इस्त्री करत होती. भावोजींचे शर्ट. मी वाक्य घरून तयार करून आलो होतो, तीन-चार वेळा मनात म्हणून बघितलं होतं. "ताई, तुला ते जेवतानाचं—" एवढंच झालं.

"तुला काय म्हणायचंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणू नकोस."

"पण ताई—"

"म्हणू नकोस म्हटलं ना. पोरगी ऐकतेय. जा तू आता."

इस्त्री एकाच जागी राहिली होती. कॉलर करपली. तिने शर्ट तसाच घडी घालून ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिना उतरताना मला राग आला नाही. लाज वाटली. मी काय मागायला गेलो होतो? नवऱ्याला आत टाक आणि मला बाहेर काढ! पण नाही — खरं लिहायचं तर राग आला. फार आला. लहानपणी शाळेत कुणी मला ढकललं तर दप्तर फेकून मारामारीला उतरणारी माझी ताई! आता शर्टांना इस्त्री करते.

शनिवार, ३० मार्च

वर्कशॉपमध्ये राहिलेला पगार आणि डबा आणायला गेलो. पगार अडकवलाय. डबा मिळाला.

बुटका मेकॅनिक गाडीखालून डोकं काढून ओरडला, "काय रे सफाईवाल्या, आत गेल्यावर गज पण पुसणार का?" बाकीचे हसले. यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की पंप काढलेच जात नाहीत. पंप काढायचं काम यांचंच! मी विचारलं, कोर्टात बोलशील? तो पुन्हा गाडीखाली गेला. नुसते पाय दिसत होते.

रविवार, ३१ मार्च

आईला सगळं सांगितलं. वकीलबाईंचंही. ती तांदूळ निवडत होती, थांबली नाही.

"म्हणजे तिने नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची."

"खरं सांगायचं फक्त."

"तेच ते. पोरीला घेऊन कुठे जाईल ती? इथे? या एका खोलीत? तू पुरुष माणूस आहेस, तुझं काय, निभावून जाईल."

आई, मी चोवीस वर्षांचा आहे आणि मला लिफ्टमध्येसुद्धा एकट्याला भीती वाटते. निभावून जाईल म्हणे! हे तिला बोललो नाही. इथे लिहितोय.

ताईने सांगून टाकलंच आहे, म्हणू नकोस. आई म्हणते, निभावेल. भावोजी म्हणतात, मी आहे ना. सगळ्यांचं एकमत झालंय. माझंच तेवढं राहिलं होतं.

वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, बहीण बोलणार नाही. त्या म्हणाल्या, "तिने तसं सांगितलं, की तू तसं समजलास?" म्हटलं, तेच ते. त्या म्हणाल्या, "दोन दिवस थांब." म्हटलं, बघतो. पण थांबून काय? दोन दिवसांत हेतू बदलतो का कुणाचा?

मंगळवार, २ एप्रिल

कबुली दिली. दुपारी.

न्यायाधीशबाईंनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का? विचार करायला वेळ हवा आहे का? मी म्हटलं, नाही. जुने पंप मीच परत रॅकवर लावायचो. कोरे पंप मीच विकले. मॅनेजरना काही माहीत नव्हतं. वकीलसाहेबांनी लिहून दिलं होतं तसंच सगळं. पाठ होतं. शाळेत असं पाठ झालं असतं तर नववी सुटली नसती.

सही नीट केली. खाली तारीख घातली.

बाहेर भावोजींनी पाठ थोपटली. "शहाणा आहेस." मग हात रुमालाला पुसला.

ताईचं घर वाचलं. एवढंच मनाशी म्हणत चालत घरी आलो. बससाठी थांबवेना.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर ताई. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोरगी.

काल सकाळीच ती फौजदाराकडे जाऊन आली. जेवतानाचं सगळं सांगितलं. कोरे पंप आधी घरी यायचे आणि तिथून कोण उचलून न्यायचं, तेही. जबाब लिहून घेतला, तिने सही केली. रात्र मैत्रिणीकडे काढली. त्या घरी आता परत जायचं नाही म्हणते. "तुला तेव्हा गप्प केलं, कारण पोरगी बापाजवळ सगळं बोलते. मला आधी तिची शाळा, तिचे कपडे, सगळं बघायचं होतं रे."

आई भिंतीला टेकून बसली आहे. कालच्या कबुलीचं तिला माहीत आहे.

ताईने बॅग खाली ठेवली, माझी बाही धरली आणि म्हणाली, "तू अजून कुठे सही केली नाहीस ना?"

ती आत पोरीचे हातपाय धुतेय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.